परदेशात सिगारेट सोडायला व्हेप देतात, मग मी घेऊ का?

विचारणारे गृहस्थ सोलापूरचे. वय ४६, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. वीस वर्षांपासून सिगारेट, सध्या दिवसाला १२ ते १५. मुलगा मँचेस्टरला शिकतोय. तो म्हणतो, "बाबा, इथे सरकारच व्हेप देतं, निम्मं गाव ओढतं. दिवाळीला येताना तुमच्यासाठी घेऊन येतो." (व्हेप म्हणजे ई-सिगारेट, निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र.) त्यांचा प्रश्न असा: जगभर मोठी माणसं वापरतात, डॉक्टर सुचवतात, मग आपल्याकडेच बंदी का? कुठल्या देशात खरंच किती लोक वापरतात? आणि मी घ्यावा की नाही?

घेऊ नका, आणि मुलालाही आणू देऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे. मी सोलापुरात छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतो आणि तंबाखू सोडवणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. हल्ली आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारा बहुधा असाच असतो: घरातलं कोणी परदेशात आहे आणि तिकडून सल्ला आलेला आहे. तो सल्ला तिकडे चुकीचा नसतो, म्हणून नुसतं "बंदी आहे" एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही.

ब्रिटनबद्दल तुमचा मुलगा बरंचसं खरं सांगतोय. तिथे सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना सरकारी आरोग्यसेवेतले लोक व्हेपचा पर्याय उघडपणे सुचवतात. २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने व्हेप हा सिगारेटपेक्षा साधारण ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर तेव्हाही वाद झाला आणि अजून होतो, पण धोरण त्याच दिशेने गेलं. २०२३ मध्ये इंग्लंडने दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचा संच आणि सोबत समुपदेशन देण्याची योजना जाहीर केली. "निम्मं गाव" मात्र नाही. २०२४ च्या पाहणीत ग्रेट ब्रिटनमधले सुमारे ११ टक्के प्रौढ, म्हणजे ५६ लाखांच्या आसपास लोक, व्हेप वापरत होते. त्याच वर्षाच्या सरकारी आकडेवारीत तिथे पहिल्यांदाच व्हेप वापरणारे सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले, साधारण १० टक्के आणि ९ टक्के.

हा आकडा इथेच सोडला तर काहीच कळत नाही. हे ११ टक्के लोक कोण आहेत, ते बघायला हवं. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त पूर्वी सिगारेट ओढणारे आहेत आणि आता त्यांनी ती सोडली आहे. सुमारे ४० टक्के लोक सिगारेटही ओढतात आणि व्हेपही. आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेले फक्त ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ब्रिटनमधला व्हेप हा मुख्यतः सिगारेटवाल्यांच्या हातात आहे. तो सिगारेटच्या जागी आला, आणि म्हणून तिथले डॉक्टर त्याच्या बाजूने बोलतात. कुठल्याही देशाची टक्केवारी वाचताना मी हेच आधी बघतो: व्हेप हातात येण्याआधी त्या माणसाच्या हातात काय होतं?

अमेरिकेचे आकडे या नजरेने वाचले की चित्र पालटतं. तिथे व्हेप वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०१९ मध्ये ४.५ टक्के होतं, २०२३ मध्ये ६.५ टक्के झालं. ब्रिटनपेक्षा कमी, म्हणजे तिथला प्रश्न लहान, असं वाटेल. पण २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत व्हेप वापरणाऱ्या प्रौढांपैकी ३० टक्के लोकांनी सिगारेट कधीच ओढलेली नव्हती. आणि त्यातला १८ ते २४ वयाचा गट वेगळा काढला, तर हे प्रमाण ६१ टक्क्यांवर जातं. म्हणजे पन्नाशीचा अमेरिकन माणूस व्हेप ओढत असेल तर तो बहुतेक सिगारेटमधून बाहेर पडलेला किंवा पडू पाहणारा असतो. बावीस वर्षांचा मुलगा ओढत असेल तर त्याच्या शरीरात निकोटिन पहिल्यांदा आलं तेच बहुधा व्हेपमधून. यंत्र एकच, पण एकासाठी ती बाहेर पडायची वाट आणि दुसऱ्यासाठी आत शिरायची. २०१५ मध्ये तिथे जूल नावाचा व्हेप बाजारात आला. त्यात निकोटिनचा क्षार वापरला होता, त्यामुळे घशाला न टोचता भरपूर निकोटिन झपाट्याने मेंदूपर्यंत जायचं. त्यानंतर शाळा-कॉलेजातली मुलं ज्या वेगाने अडकली, तो धक्का त्या देशाने अजून पचवलेला नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड शेजारी आहेत, पण या बाबतीत दोघांनी अगदी उलट रस्ते धरले. न्यूझीलंडने प्रौढांना व्हेप दुकानांतून सहज मिळू दिला. तिथे २०२३-२४ मध्ये ११ टक्के प्रौढ रोज व्हेप ओढत होते आणि रोज सिगारेट ओढणारे ७ टक्क्यांच्या खाली आले होते. सिगारेट इतकी खाली येणं ही मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखणार नाही. पण त्याच देशात १८ ते २४ वयाच्या मुलामुलींपैकी जवळपास चौथा हिस्सा रोज व्हेप ओढतो, आणि तिथल्या मूळच्या माओरी समाजात हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून निकोटिनचा व्हेप डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेला, आणि जुलै २०२४ पासून फक्त औषधांच्या दुकानात ठेवला. तरीही तिथे व्हेप वापरणारे २०१९ मधल्या २.५ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ७ टक्क्यांवर गेले, आणि त्यातला बराचसा माल चोरट्या बाजारातला होता. मोकळीक दिली तरी तरुण अडकले, चिठ्ठी लावली तरी अडकले. फरक इतकाच की न्यूझीलंडमध्ये पुडक्यात काय आहे ते सरकारला माहीत होतं, आणि ऑस्ट्रेलियात बऱ्याच पुडक्यांबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या प्रश्नाला हा फरक लागू होतो, त्याकडे पुढे येतो.

आशियात बघा. इंडोनेशियात दोन तृतीयांश पुरुष तंबाखू ओढतात. तिथे व्हेप वापरणारे प्रौढ २०११ मध्ये ०.३ टक्के होते, २०२१ मध्ये ३ टक्के झाले. दहा वर्षांत दहापट वाढ झाली, पण ओढणाऱ्या पुरुषांचं प्रमाण काही त्या हिशेबाने घटलं नाही. व्हिएतनाममध्ये २०१५ मधले ०.२ टक्के २०२० मध्ये ३.६ वर गेले, आणि २०२५ पासून तिथे बंदी आली. चीनमध्ये गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आजचा व्हेप २००३ च्या सुमारास बीजिंगच्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने बनवला. जगातला बहुतांश माल शेनझेनमध्ये तयार होतो. आणि तिथल्याच प्रौढांमध्ये २०१८ मध्ये वापर एक टक्क्याहून कमी होता. २०२२ मध्ये चीनने देशात फळांच्या चवीचे व्हेप विकणं बंद केलं, फक्त तंबाखूची चव ठेवली. बाहेर जाणाऱ्या मालाला मात्र आंबा, कलिंगड, पुदिना सगळं चालतं. सोलापूरच्या पोराच्या खिशात जे सापडतं, ते यातलंच असतं.

जपानचं उदाहरण तुमचे कारखानदार मित्र देतील, कारण तिकडे जाणारे येऊन सांगतात की सिगारेट दिसतच नाही. तिथे निकोटिनचा द्रव औषध म्हणून मंजुरी घेतल्याशिवाय विकता येत नाही. लोक वापरतात ती वेगळी वस्तू: खरी तंबाखू न जाळता तापवणारं यंत्र. ते २०१४ मध्ये नागोयात आलं, २०१६ मध्ये देशभर. त्यानंतर साध्या सिगारेटचा खप फार घसरला. पण व्हेपच्या तक्त्यात जपान जवळजवळ शून्यावर दिसतो, कारण ही वस्तू त्या रकान्यात मोजत नाहीत. आपल्या कायद्यात तापवायची तंबाखू आणि ई-हुक्का दोन्ही बंदीत आहेत, तेव्हा "मग जपानी यंत्र चालेल का" हा पुढचा प्रश्न इथेच मिटवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा जगाचा एकूण अंदाज दिला: व्हेप वापरणारे १० कोटींहून अधिक, त्यात सुमारे ८.६ कोटी प्रौढ आणि ते मुख्यतः श्रीमंत देशांत. १३ ते १५ वयाची मुलं किमान दीड कोटी. तंबाखू वापरणारे एकूण १२० कोटी. हे सगळे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना थोडं जपून राहावं लागतं. एक देश "रोज ओढता का" विचारतो, दुसरा "कधीमधी तरी", तिसरा "गेल्या महिन्यात एकदा तरी". कुठे १५ वर्षांपासून प्रौढ धरतात, कुठे १८. आणि जिथे बंदी आहे तिथे घरी आलेल्या अनोळखी माणसाला कोण खरं सांगेल?

भारताचा आकडा याच कारणासाठी सांभाळून वाचायला हवा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत व्हेप वापरणारे ०.०२ टक्के निघाले, म्हणजे दहा हजारांत दोघं. व्हेपचं नावही शंभरातल्या तिघांनीच ऐकलेलं होतं. पण ही पाहणी बंदीच्या आधीची आहे, आणि वापरून फेकायचे रंगीबेरंगी व्हेप आपल्याकडे यायच्याही आधीची. आज पुण्यात हिंजवडीला किंवा मुंबईत नोकरी करणारी, शनिवार-रविवार घरी येणारी मुलं हे यंत्र घेऊन सोलापुरात येतात, हे मी ओपीडीत बघतो.

तरीसुद्धा सोलापूरचा तंबाखूचा प्रश्न व्हेपचा नाही, आणि सिगारेटचाही मुख्यतः नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे ३.८ टक्के, आणि तोंडात ठेवणारे, चघळणारे, घासणारे २४.४ टक्के (काही जण दोन्हीत येतात). परत एकदा वाचा. ब्रिटनमध्ये तंबाखू म्हणजे धूर. आपल्याकडे तंबाखू म्हणजे मळलेली चिमूट, मावा, बंदी असूनही मिळणारा गुटखा आणि बायकांची मिश्री. यंत्रमागावर बसणारा माणूस पाळीत सिगारेट ओढू शकत नाही, सुताजवळ आग कोण नेईल? तो ओठाखाली तंबाखू धरून बारा तास काढतो. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून आणि शहरातल्या जुन्या विडी घरकुलातून येणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. हाताला तंबाखू, पदराला तंबाखू, घरात तंबाखूचा वास, आणि सकाळी दात घासायला भाजलेली मिश्री. स्वतः विडी ओढणाऱ्या त्यातल्या क्वचितच. "व्यसन आहे का?" असं मराठीत विचारलं की नाही म्हणतात. सोबतच्या नर्सबाईंनी त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" असं विचारलं की पाच, सहा, आठ अशी उत्तरं येतात.

मावा खाणाऱ्या पोरांना मी आधी तोंड उघडायला लावतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. पंचविशीतल्या मुलाच्या तोंडात दोनच जातात, कधी एक. गालाची आतली कातडी पांढरी आणि ताठ झालेली असते, तिखट लागलं की डोळ्यात पाणी येतं. अशा माणसाला व्हेप दिला तर तो कशाच्या जागी देणार? त्याच्या माव्यातली सुपारी व्हेप काढत नाही. तो मावा तसाच चालू ठेवेल आणि वर व्हेपही ओढेल. ब्रिटनचं गणित तिथे बसतं, कारण तिथे धुराच्या जागी वाफ येते. इथल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ती कशाच्याच जागी येत नाही, वरून भर पडते. आपल्या देशाने २०१९ मध्ये बंदी का आणली, याची सरकारची कारणं काहीही असोत, मला पटणारं कारण हे आहे. माझ्या क्षेत्रातले काही चांगले डॉक्टर म्हणतात की सिगारेट आणि विडी टपरीवर उघड मिळत असताना त्याहून कमी घातक वस्तूवर बंदी आणणं उलटं आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यापुरता विचार केला तर ते बरोबरच बोलतात. पण मी ज्या शहरात बसतो, तिथल्या रांगेत ओढणारा क्वचित असतो आणि चघळणारे रोज.

तुम्ही मात्र त्या क्वचित असणाऱ्यांपैकी आहात. तुम्ही धूरच ओढता. मग तुमच्यापुरतं तरी ब्रिटनचं गणित लागू व्हावं की नाही? हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो योग्य आहे.

पुरावा काय सांगतो ते सरळ सांगतो. सगळे चांगले प्रयोग एकत्र करून बघितलं तर निकोटिनचा व्हेप घेऊन सिगारेट सोडणारे शंभरात ८ ते ११ यशस्वी होतात, निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांनी ६, आणि यांपैकी काहीच न घेता ४. म्हणजे व्हेप खरंच जास्त चालतो. २०१९ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेकडे सिगारेट सोडायला आलेल्या ८८६ लोकांवरचा एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षानंतर व्हेप गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, गोळ्या-पट्ट्यांच्या गटातले ९.९ टक्के. दुपटीच्या जवळ. पण त्याच प्रयोगातली पुढची ओळ माझे पेशंट कधी ऐकून आलेले नसतात: सिगारेट सुटलेल्यांपैकी व्हेप गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गोळ्या-पट्ट्यांच्या गटात आपलं औषध अजून घेणारे फक्त ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटलं नाही. व्हेपची २०-३० वर्षांनंतरची फळं अजून कुणी पाहिलेली नाहीत, कारण ही वस्तू बाजारात येऊनच जेमतेम वीस वर्षं झाली.

आणि त्या प्रयोगातल्या लोकांच्या हातात जो व्हेप होता तो तुमच्या हातात येणार नाही. ब्रिटन आणि युरोपात एका मिलिलिटर द्रवात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन घालता येत नाही आणि टाकी दोन मिलिलिटरची. म्हणजे एका भरतीत जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम. आत काय आहे ते विकण्याआधी सरकारला कळवावं लागतं. सोबत समुपदेशक असतो, तो दर आठवड्याला विचारतो, हळूहळू कमी करायला लावतो. आपल्याकडे चोरून मिळणाऱ्या यंत्रांवर बहुधा "५%" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीचपट. त्यातही आकडा खरा आहे की छापला आहे, हे तपासणारं कुणी नाही.

एक मुलगा आला होता, पुण्यात नोकरीला, वय २४. तक्रार छातीत धडधड आणि झोप न लागण्याची. सिगारेट नाही, तंबाखू नाही, दारू नाही असं सांगितलं. आईला बाहेर बसायला सांगितल्यावर त्याने खिशातून ते यंत्र काढून टेबलावर ठेवलं. अंगठ्याएवढं, गुलाबी-केशरी, आंब्याच्या चवीचं, वर दहा मिलिलिटर आणि ५% छापलेलं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता कुठे नाही. दिवसातून किती, हे त्याला सांगता येईना. सिगारेटवाला लगेच सांगतो, दहा, बारा, पाकीट. सिगारेट संपते, विझते, पुढची पेटवायला उठावं लागतं. याला शेवटच नाही. दोन झुरके मीटिंगच्या आधी, तीन लिफ्टमध्ये, रात्री उशीखाली, जाग आली की पुन्हा. मी त्याला विचारलं, एक यंत्र किती दिवस पुरतं? म्हणाला, आठवडाभर. हिशेब करा: दहा मिलिलिटरला ५० प्रमाणे ५०० मिलिग्रॅम, सात दिवसांत, म्हणजे दिवसाला ७० च्या वर. सगळं शरीरात जात नाही, बरंच बाहेर पडतं. पण एका सिगारेटमधून शरीरात जाणारं निकोटिन एक ते दीड मिलिग्रॅम असतं. सिगारेटला कधी हातही न लावलेला मुलगा भरपूर ओढणाऱ्या माणसाएवढा बांधला गेला होता. व्हेप वापरणारं कोणी घरात असेल तर "दिवसातून किती वेळा" विचारू नका, "एक किती दिवस जातं" असं विचारा.

चोरट्या मालाचा धोका नुसत्या निकोटिनपुरता नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत धडधाकट तरुण एकाएकी धाप लागून दवाखान्यात यायला लागले, काहींना व्हेंटिलेटर लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ केसेस नोंदल्या गेल्या, ६८ माणसं गेली. शोध घेतल्यावर बहुतेकांच्या मागे व्हेपमध्ये बसवायची, गांजाचा अर्क भरलेली बेकायदा काडतुसं निघाली, त्यात दाटपणा यावा म्हणून व्हिटॅमिन ई अॅसिटेट घातलं होतं. दुकानातला साधा निकोटिन व्हेप हे त्याचं मुख्य कारण नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपल्याकडे दुकानातला व्हेप नाहीच. जे आहे ते सगळं त्या दुसऱ्या प्रकारच्या बाजारातलं.

तुम्ही म्हणाल, मुलगा तर मँचेस्टरच्या दुकानातून आणणार, तो माल चांगला. तो आणेल तेव्हा चांगला असेल. पण १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये वापरून फेकायचे व्हेप बंद आहेत, तेव्हा तो पुन्हा भरायचं यंत्र आणेल. दिवाळीची भरती महिनाभरात संपली की पुढे काय? तोवर तुमच्या शरीराला त्याची सवय झालेली असेल आणि यंत्राला द्रव हवा असेल. मग कोणीतरी मोबाइलवर नंबर देईल. शिवाय बॅगेतून आणणं ही आयातच आहे. २०१९ च्या कायद्यात व्हेपचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात या सगळ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढण्यासाठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, म्हणून लोकांना वाटतं जवळ ठेवायला हरकत नाही. विमानतळावर तो वाद घालत उभं राहायची वेळ तुमच्या मुलावर आणू नका.

आता तुमच्यासाठी काय. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटवता, हे मला सांगा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे आणि नुसत्या निश्चयावर भागणार नाही. दिवसाला १२ ते १५ ओढणाऱ्याला मी सहसा कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी आणि च्युइंगगमसारखी निकोटिनची गोळी दोन्ही देतो. पट्टी दिवसभर एकसारखं थोडं थोडं निकोटिन देत राहते, आणि जेवणानंतर किंवा कारखान्यात कटकट झाल्यावर जी अचानक तलफ येते तिला गोळी. दोन्ही मिळून दिलं तर एकट्या औषधापेक्षा चांगलं चालतं. गोळीच्या बाबतीत आपले लोक एक गोष्ट हमखास करतात: बडीशेपेसारखी चावत राहतात, मळमळतं, आणि "मला सूट झाली नाही" म्हणून सोडून देतात. ती तशी चावायची नसते. चार-पाचदा हळू चावायची, जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची. चव गेली की पुन्हा दोन-तीनदा चावायची, जागा बदलायची. अर्धा तास हेच. आधीची पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा नाही, कारण चहाच्या आंबटपणाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. २ मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. याने भागलं नाही तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन आहे. पण ती औषधं तपासून, तुमचा पूर्वीचा आजार विचारूनच द्यायची. फिट्स येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत.

पहिले तीन आठवडे सर्वांत जड जातात. कारखान्यातल्या ज्या खुर्चीत बसून सिगारेट ओढता ती जागा तेवढ्या दिवसांसाठी बदला. दुकानदाराला पाकीट घरपोच द्यायचं बंद करायला सांगा. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तिथले समुपदेशक पुन्हा पुन्हा फोन करून विचारतात, त्याचा उपयोग होतो. आणि एकदा फुप्फुसांची फुंकर-तपासणी करून घ्या. टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं सुताची धूळ आणि वर सिगारेट, हे दोन्ही एकाच नळीत जातं. तुमच्यासारख्या बऱ्याच मालकांना वाटतं की धूळ फक्त कामगारांच्या नाकात जाते. सोमवारी सकाळी कारखान्यात आल्यावर छाती जड वाटत असेल तर ते आल्याबरोबर सांगा. ते सिगारेटचं नसून सुताचं असू शकतं, आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

मुलाबद्दल एक राहिलं. तो इतक्या आत्मविश्वासाने व्हेपबद्दल बोलतोय, तर फोनवर सहज विचारा, तू स्वतः ओढतोस का, आणि त्याआधी सिगारेट ओढायचास का. रागावू नका, नाहीतर खरं सांगणार नाही. सिगारेट सोडून व्हेपवर आला असेल तर तिथे राहू द्या, सिगारेटकडे परत जाण्यापेक्षा ते बरं. सिगारेट कधीच ओढली नसेल, तर त्याने ज्या सरकारी सल्ल्याचा दाखला तुम्हाला दिला तो त्याच्यासाठी नाही. ब्रिटनची आरोग्यसेवाही सिगारेट न ओढणाऱ्याला व्हेप घेऊ नको असंच सांगते. तिकडे कमी कमी ताकदीचे द्रव दुकानात मिळतात. मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमवर असेल तर दहावर, मग सहावर, तीनवर, आणि दोन झुरक्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. दिवाळीला तो आला की तुम्ही दोघंही या, एकाच दिवशी दोघांना तपासतो.